गेनूनं हात हलवला

एका गावात एक भोळा गडी होता, गेनू नावाचा. भोळा हा शब्द लोकांनी दयेपोटी वापरलेला. डोक्यात नुसता भुसा, तोही भिजलेला. त्याला पोसायची शेवंताआत्या, आणि आत्याला पोसायची तिची एकुलती एक म्हैस.

एकदा गेनू कडब्याच्या गंजीवर चढला. वरून दोर खाली सोडायचा होता. आत्या खालून ओरडली, "सोड!"

गेनूनं दोर घट्ट धरला आणि गंजी सोडली. खांद्याचं हाड मोडलं.

आत्या कडाडली, "मुडद्या, कुणी सोड म्हटलं की आधी विचारावं, काय सोडू!"

"बरं आत्या."

बाजारगावच्या डॉक्टरनं फोटो काढला. म्हणाला, "हाडानं जागा सोडलेली नाही. ऑपरेशन नको. हात झोळीत ठेव, हलवू नको. पुढच्या बाजारी दाखवायला ये."

कोणता हात, हे शहाण्याला सांगावं लागत नाही. गेनूनं दोन्ही हात हलवायचे बंद केले. घास आत्यानं भरवायचा, नाकावरची माशीही आत्यानंच हाकायची. एक दिवस हा दिवटा मारुतीच्या पायरीवर जाऊन बसला, धडका हात मांडीवर उताणा. येणारा-जाणारा त्यात नाणं टाकू लागला. आत्या शरमेनं अर्धी झाली.

"आपल्या घरात कुणी भीक मागितली नाही रे! पुन्हा कुणापुढं हात पसरशील तर याद राख!"

"बरं आत्या."

पुढचा बाजार आला. घरी म्हैस कुणाच्या भरवशावर ठेवणार? तीही बरोबर निघाली. डॉक्टरनं खांदा चाचपला. "आता बांधून बसायचे दिवस संपले. वेळेवर हलला नाही तर खांदा आखडतो. झोळीतल्या झोळीत बोटं हलव, मनगट हलव. मधूनमधून हात बाहेर काढून हलके झोके दे. थोडं दुखेल, घाबरू नको."

"बरं डॉक्टर."

बाहेर गुरांचा बाजार भरला होता. तिथं आत्या म्हणाली, "मी म्हशीला पेंड आणते. तू दावं धर."

गेनूनं धडक्या हातात दावं धरलं आणि झोळीत बोटं हलवू लागला. आता गुरांच्या बाजारात भाव तोंडानं होत नाही. रुमालाखाली हात घालून बोटांनी होतो. एका दलालानं झोळी पाहिली, हलणारी बोटं पाहिली, आणि हात आत घातला. त्यानं चार बोटं दाबली. गेनूची बोटं वळवळली. त्यानं तीन दाबली, मग दोन. शेवटी गेनू दमला, नुसती करंगळी हलली.

"ठरलं!" दलाल म्हणाला. "सोड."

गेनू हुशार झाला होता. "काय सोडू?"

"दावं!"

नीट सांगितल्यावर गेनूनं सोडलं.

"हात पसर, पैसे घे."

"अंहं. आत्यानं बजावलंय, कुणापुढं हात पसरायचा नाही."

दलालानं आभाळाकडं बघून हात जोडले, पैसे खिशात घातले आणि म्हैस घेऊन गर्दीत दिसेनासा झाला.

गेनू पेंडीच्या दुकानाशी गेला. आत्या डोक्यावर पोतं घेऊन उभी.

"गेन्या, म्हैस कुठाय?"

"एकानं नेली."

"आणि पैसे?"

"देत होता. मी हात पसरलाच नाही!"

पोतं खाली, आत्या पोत्यावर. मग ती किंचाळली, "मेल्या, घरातली चूल विझवलीस! दुभती म्हैस घालवून हात हलवत आलास?"

गेनूनं झोळीतून हात काढून एक झोका दिला.

"हो तर! आणि आत्या, जरासुद्धा दुखलं नाही बघ!"