सारजा माळणीची तीन फळे

एका राज्यात, जिथे पाहुण्यापुढे पाण्याआधी भोपळा येई, घरोघरच्या परसात भोपळा पिकत असे आणि भोपळाच पिकत असे. सकाळी भोपळ्याची भाजी, दुपारी भरीत, सणाला घारगे. प्रजा बिचारी मुकाट्याने जेवत होती. एकटी सारजा माळीण तेवढी संतापलेली होती, आणि तिच्या संतापाला कारण होते. तिचा नवरा रायाजी परसात गुडघ्यांपर्यंत दगड होऊन उभा होता.

झाले होते ते असे. राजाच्या आजोबांच्या काळी कंकनाथ नावाचा मांत्रिक एक अनोळखी फळ घेऊन दरबारी आला. त्या वेळच्या महाराजांनी ते न चाखताच उकिरड्यावर टाकायला लावले. मांत्रिकाने शाप दिला, "या मातीत भोपळ्याखेरीज दुसरे बी जो पेरील, तो पायांपासून दगड होईल." राज्यातले बाकीचे सारे बियाणे त्याने तांब्याच्या पेटीत कोंडले आणि पेटी डोंगराच्या कपारीत पुरली. पुढे लोक शाप विसरले, आणि त्या पेटीला झिजून भोक पडले. त्यातून एका धनेश पक्ष्याने तीन बिया काढल्या आणि रायाजीच्या परसात टाकल्या. रायाजी हौशी गडी. त्याने कुणाला न विचारता तीन आळी खणली, आणि तिसरे आळे बुजवायच्या आत त्याचे पाय दगडाचे झाले.

सारजा धनेशावर धावून गेली. "मेल्या, बी टाकलंस, शापाचं कुठं सांगितलंस?"

"विचारलंत कुठं?" धनेश म्हणाला. "आता ऐका. तिन्ही झाडांना एकेकच फळ येईल. एक जरी फळ माणसाने चावून गिळले, तर शाप सुटेल. नाकारले, की दगड वर चढेल. तिसऱ्या नकाराला डोक्यावरून जाईल."

आता कुणी म्हणेल, मग तिनेच का नाही खाल्ले? त्या राज्याची रीत अशी, की नव्या झाडाचे पहिले फळ राजाच्या तोंडी लागल्याखेरीज लावणाऱ्यानेच काय, कुणीच जिभेवर ठेवायचे नाही. ती मोडावी हे सारजाच्या मनातही आले नाही. रागावलेली असली तरी बाई त्याच राज्याची होती.

पहिल्या झाडाला पाने नव्हती, नुसते काटेरी हिरवे हात. काळ्या मातीत पाणी साचून त्याची मुळे कुजू लागली. सारजाने नदीवरून चाळीस पाट्या वाळू डोक्यावर वाहिली. झाडाने लालभडक, खवल्यांचे फळ दिले. ते घेऊन ती दरबारी गेली. राजा मणिकेताने फळ आपल्या घोड्यापुढे धरायला लावले. घोड्याने हुंगले आणि तो शिंकला.

"आमचा घोडा खात नाही, ते आम्ही खात नाही," राजा म्हणाला.

रायाजी कमरेपर्यंत दगड झाला. घरी पोचेपर्यंत सारजा राजाच्या आणि घोड्याच्या नावाने बोटे मोडत होती.

दुसरे झाड कंदाचे, त्याचे फळ म्हणायचे ते मातीखाली. त्याला थंडाव्याशिवाय चैन पडेना. डोंगरमाथ्यावरच्या झऱ्याचे पाणी रोज आणावे लागे, आणि झऱ्यावर वाघ बसलेला असे. "बाजूला हो. मला वेळ नाही," सारजा म्हणाली. वाघ बाजूला झाला. कंद निघाला तो आतबाहेर निळा. तिने तो उकडून, मीठ लावून राजापुढे ठेवला.

"प्रधानजी, अन्न निळे असते का?"

"नसते, महाराज."

झाले. रायाजी गळ्यापर्यंत दगड झाला. त्याचा आवाज आता बारीक येत होता. "सारजे, तिसरं उपटून टाक. असाच राहीन मी. बोलता तरी येतंय तुझ्याशी."

"उपटायला पेरलंत होय?" सारजा रडतही होती आणि तणतणतही होती. "मला न विचारता पेरलंत, त्याचाच मला राग आहे. विचारलं असतंत तर दोघांनी मिळून पेरलं असतं."

तिसरा वेल होता. त्याची फुले उमलली की गाऊ लागत, आणि मधमाश्या त्या गाण्याला भिऊन पळत. सारजाने धनेशाकडून एक पीस मागून घेतले. गाणे संपून फुले मिटायच्या आत नर फुलाचा पराग पिसाने मादी फुलावर लावला. वेलाला पिवळेधमक, अंगभर शिंगे असलेले फळ धरले.

राजाने या खेपेस घोडाही बोलावला नाही. नाक मुरडून म्हणाला, "भोपळ्याचा वास नाही. फेका."

सेवकाने हात पुढे केला. सारजाने फळ छातीशी धरले. तिच्या अंगाचा नुसता भडका उडाला होता.

"वाळू मी वाहिली, महाराज. वाघ मी हाकलला. एकेका फुलापाशी मी उन्हात उभी राहिले. आणि चव कोण ठरवणार? न चाखणारा! माझा माणूस दगड होतोय आणि तुम्ही वास घेत बसलात!"

असे म्हणून तिने भर दरबारात फळाचा लचका तोडला. प्रधानाच्या हातून पानाचे तबक पडले. फळ आधी आंबट लागले, मग असे तुरट की तिचे डोळे भरून आले. ते थुंकावेसे वाटले, पण तिने चावले आणि गिळले. पहिल्या घासाने नीट कळले नाही, म्हणून दुसरा घेतला.

डोंगरात तांब्याची पेटी फुटली आणि राज्यभर बियांचा पाऊस पडला. सारजा उरलेले फळ पदरात घेऊन घराकडे धावली. रायाजी आळ्यातून पाय उपसून काढत होता.

"कसं लागलं?" त्याने विचारले.

"तुरट," ती म्हणाली, आणि त्याच्या गळ्यात पडून आधी त्याला मनसोक्त बोलली, मग रडली.

तेव्हापासून त्या राज्यात लावील तो आधी चाखील असा कायदा झाला. परसे नाना फळाभाज्यांनी भरली. राजालाही एक बी हवे झाले. सारजाने त्याच्या हाती कुदळ दिली. महाराजांनी आयुष्यात पहिल्यांदा आळे खणले, पाणी घातले, कीड वेचली, आणि ऋतू सरता सरता एक चट्ट्यापट्ट्यांचे जांभळे फळ तबकात घालून ते सारजाच्या दारी आले.

"माळीणबाई, आपण आधी चाखून पाहता का?"

"लावलंत तुम्ही, महाराज. आधी तुम्ही."

राजाने डोळे मिटून घास घेतला. सारजा कमरेवर हात ठेवून त्याच्या तोंडासमोर उभी राहिली, आणि घास गिळेपर्यंत तेथून हलली नाही.