तीन वेढ्यांची गाठ

वेणुमती नगरीत दंडसेन राजाचे राज्य चालू होते, त्या काळी बोधिसत्त्व दोर बांधणाऱ्यांच्या कुळात जन्मला होता. त्याचे नाव गंठिक. राजा शिकारीला निघाला की झाडावर बसायला बांबूंचा माळा बांधायचा, चढायला खोडाला लाकडी पायऱ्या जखडायच्या, हे या कुळाचे काम.

त्यांची एक खास गाठ होती. खरे तर ती गाठच नव्हे. दोर खोडाभोवती तीन वेळा फिरवायचा आणि सुटे टोक त्या वेढ्यांखालून ओढून घ्यायचे, बस. वर वजन पडले की वेढे त्या टोकाला दाबून धरत. वजन जितके जास्त तितकी पकड घट्ट. वजन उतरले की दोन बोटांनी सुटे. तिला दोन कडक नियम होते. बांधणाऱ्याने आधी स्वतः चढून झोका घ्यायचा, आणि शिकार संपली की त्याच दिवशी सगळे दोर उतरवायचे. झाडावर राहिलेला दोर कुजतो, हे त्या वस्तीत पोरासोरांनाही ठाऊक होते.

ठाऊक नव्हते ते राजाच्या शिकारप्रमुखाला, म्हणजे शंकुकाला. किंवा ठाऊक असूनही त्याला त्याची फिकीर नव्हती. राजा कधीही येईल, पुन्हा कोण बांधत बसणार, असे म्हणून त्याने पावसाळाभर दोर झाडावरच ठेवायला लावले. आश्विनात गंठिकाचा मुलगा सोमिल याला त्याने त्याच पायऱ्यांवरून छत लावायला वर पाठवले. सोमिल म्हणाला, आधी दोर बदलू द्या. शंकुकाने त्याला भित्रा म्हटले. अकराव्या पायरीचा दोर तुटला आणि सोमिल खाली ओढ्याच्या दगडांवर पडून मेला.

एवढ्यावर थांबेल तो शंकुक कसला. त्याने राजाला सांगितले, पोराने गाठ ढिली मारली होती. पुरावा नको म्हणून कुजके दोर जाळून टाकले. राजाने ते मानले, कारण राजाला ते सोयीचे होते.

दोरकऱ्यांच्या सभागृहात आढ्याला प्रत्येक कारागिराने स्वतः बांधलेली एक गाठ टांगलेली असे. ज्याच्या गाठीने माणूस पडला, त्याची गाठ उतरवत आणि त्याचे नाव पुन्हा घेत नसत. सोमिलची गाठ उतरवली गेली. ती उतरवताना त्याची बायको चंपिका तिथेच उभी होती. घरी आल्यावर ती एवढेच म्हणाली, "मामंजी, ते दोनदा मेले." रागाने गंठिकाला अन्न गोड लागेना.

चार महिन्यांनी शंकुकाचे बोलावणे आले. सोमिल पडला त्याच ओढ्याच्या पाणवठ्याजवळ, अर्जुन वृक्षांवर दोन माळे हवे होते. एक राजासाठी, एक खुद्द शंकुकासाठी.

गंठिकाने राजाचा माळा बांधला, मग शंकुकाचा. शेवटच्या वेढ्याखालून टोक ओढताना त्याचा हात थांबला. टोक हातभर सोडायचे असते. त्याने चार बोटेच सोडले. झोका घेतला. त्याच्यासारख्या काटकुळ्या म्हाताऱ्याला त्या गाठीने पेलले. शंकुक चांगला धष्टपुष्ट होता. तो बसून धनुष्य ओढायला जरा वळला की टोक निसटणार होते.

गंठिक खाली उतरला आणि खोडाला टेकून बसला. त्याला बरे वाटायला हवे होते, पण वाटेना. वर बांधलेली ती गाठ आता खरोखरच वाईट होती. शंकुक पडला की सगळी नगरी म्हणेल, या घराच्या गाठी अशाच. बापाची तशी, मुलाचीही तशीच असणार. शंकुकाचे खोटे बोलणे तो स्वतःच्या हाताने खरे करून ठेवत होता. शंकुकाला शिव्या घालत तो पुन्हा वर चढला, दोर सोडला आणि टोक हातभर ठेवून नीट बांधले. राग तसूभर कमी झाला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी शंकुक राजाच्या आधी येऊन पायऱ्यांनी माळ्यापाशी चढला. आजवर त्याने दोराकडे कधी नीट पाहिले नव्हते; आज पाहिले तर गाठ दिसेना, नुसते टोक लोंबत होते. बांधणारा कोण, हे त्याला माहीत होते. आपण काय केले आहे, तेही माहीत होते. हा म्हातारा मला पाडणार, असे त्याच्या मनाने घेतले. त्याने टोक वेढ्यांखालून उपसून काढले आणि वरून स्वतःच्या हाताने दोन पक्क्या निरगाठी मारल्या. मग माळ्यावर निर्धास्त बसला.

राजा समोरच्या झाडावर चढून बसला. हरणे पाण्यावर आली. शंकुकाने धनुष्य ओढले आणि माळ्याची एक बाजू सरसर खाली घसरली. निरगाठी जशाच्या तशा होत्या, पण ढिले वेढे खोडाला धरत नव्हते. शंकुक उलटा कोसळला. एक पाय बांबूंच्या फटीत अडकला म्हणून तो तेवढा लोंबकळत राहिला. खाली तेच दगड होते. हरणे केव्हाच पळाली होती.

त्या पायऱ्यांवरून भराभर चढू शकेल असा तिथे एकच माणूस होता. खाली थांबलेला गंठिक खांद्यावर दोर टाकून चढला. शंकुकाचा लालबुंद चेहरा त्याच्या चेहऱ्यासमोर आला. 'आधी खरे बोल, मग सोडवतो', हे शब्द अगदी ओठांवर आले होते. बोलला असता तर शंकुकाने काहीही कबूल केले असते. पण सोमिलला शंकुकाने असेच पेचात धरले होते, आणि तसे वागणे गंठिकाला शिसारी आणणारे वाटले.

"हलू नकोस," तो म्हणाला. "पाय सुटेल."

त्याने दोर फांदीभोवती तीन वेळा फिरवला, टोक आत न घेता हाताशी ठेवले, दुसरे टोक शंकुकाच्या काखेतून बांधले, त्याचा पाय फटीतून सोडवला आणि त्याला हळूहळू खाली सोडले. सगळे वजन त्या तीन वेढ्यांनी पेलले.

खाली राजा आपल्या झाडावरून उतरून उभा होता. गंठिक उतरला आणि त्याने राजाकडे न पाहता शंकुकाला विचारले, "टोक मी आत घेतलं होतं. बाहेर कुणी काढलं?"

शंकुकाने एकवार वरच्या निरगाठींकडे पाहिले. मग म्हणाला, "मी काढलं." आणि कुणी न विचारता पुढे म्हणाला, "सोमिलची गाठ चांगली होती, महाराज. दोर कुजके होते. ते मीच ठेवायला लावले, मीच जाळले."

राजाने शंकुकाला पदावरून काढले आणि गंठिकाला काय हवे ते माग म्हटले. गंठिक म्हणाला, "माझा राग गेलेला नाही, महाराज, तेव्हा बक्षीस नको. या पाणवठ्यावर पुन्हा माळा नको. इथे पडायचे तेवढे पडून झाले."

संध्याकाळी चंपिकेने सभागृहाच्या आढ्याला सोमिलच्या जागी तीन वेढ्यांची गाठ टांगली. दोर तोच होता. शंकुकाच्या वजनाने त्याला पडलेली मुरड अजून गेली नव्हती. दोरकऱ्यांनी चार महिन्यांनी सोमिलचे नाव मोठ्याने घेतले.

विहारात एवढे सांगून भगवान शास्ता थांबले. समोर एक तरुण भिक्खू बसला होता. विहाराची भिंत दुसऱ्या भिक्खूच्या हलगर्जीपणाने पडली होती आणि दोष त्याच्यावर आला होता. सात दिवस तो कुणाशी बोलला नव्हता. शास्ता त्याला म्हणाले, "तुझ्यावर दोष ढकलणारा तो भिक्खू त्या जन्मी शंकुक होता. तुझी बाजू मांडायला काल आली होती ती उपासिका चंपिका होती. गंठिक मीच होतो. राग अंगात असतानाही हाताने वाईट गाठ बांधू न देणे, याला क्षांती म्हणतात. आणि सोमिल तू होतास."