न उघडलेल्या फाइलचा निकाल

वेबसाइटचं रंगरूप ठरवणारा कोड आमच्या टिपणीससरांनी स्वतः लिहिलेला. तो तपासणाऱ्या दोन टूल्सनी त्यात तीनशे चुका काढल्या. दोन्ही टूल्सच्या तुलनेचा अहवाल मी 'कोडमध्ये तीनशे चुका' असा विषय देऊन भीत भीत त्यांना मेल केला.

दुसऱ्या दिवशी भर मीटिंगमध्ये सर कडाडले, "माझ्या कोडमध्ये तीनशे चुका म्हणे! अहवाल साफ चुकीचा. अशानं तुला नोकरीत कायम करायचं?" मग मोठ्या पडद्यावर त्यांनी स्वतः कमांड टाइप करून त्या दोनांपैकी आपलं आवडतं टूल चालवलं. चुका शून्य!

मी पडद्यावरची कमांड नीट वाचली. "सर, फोल्डरचं नाव चुकलंय. टूलने तुमची फाइल उघडलीच नाही."

"न उघडताच कुणी निकाल देतं होय?"

पडद्याच्या कोपऱ्यात माझा मेल अजून न उघडलेला दिसत होता. मी तिकडे बोट केलं.

"माझ्या अहवालाचा तुम्ही दिलात की, सर."