हिरडटोल्याचा पहिला निरोप

हिरडटोल्याच्या या तलावाची खरी गोष्ट सांगणारा माझ्यासारखा माणूस पंचक्रोशीत दुसरा नाही. म्हणजे होता एक, डोमाजी कापगते. तो मागच्या पोळ्याला वारला, आणि त्याला ती माझ्याहून चांगली येत होती. खोट एवढीच, की त्याला पदरचं काही घालता येत नसे. मी चौथीपर्यंत शिकलेला माणूस, तीही चौथी दोनदा केलेली, मला येतं. तेव्हा बसा, पाहुणे हो. त्या सपाट दगडावर तेवढं बसू नका, तिथं लाल मुंग्यांचं बीळ आहे. बसलात? बरं. या वेळेला मुंग्याही झोपलेल्या असतात.

आता ही पाळ बघा, म्हणजे तलावाचा हा मातीचा बांध. वळणापाशी, मोहाच्या झाडाखाली, बाहेरच्या अंगाला एक जागा भर उन्हाळ्यात ओली असते. हात लावा, गार लागेल. इंजिनियर साहेब येतात, वाकून बघतात, मान हलवतात, चहा पितात आणि जातात. दुसरी गोष्ट तुम्ही काल स्वतः पाहिलीत. कोतवाल डफडं वाजवत निघाला. त्यानं सरपंचाचं घर ओलांडलं, शाळा ओलांडली, दुकान ओलांडलं आणि पार तलावामागच्या एकट्या झोपडीसमोर जाऊन पहिली हाक दिली. तुम्हाला वाटलं, गडी घेऊन आलाय. घेतो तो, पण काल घेतली नव्हती. ओली जागा आणि उलटी दवंडी, दोन्हींचं मूळ एकच आहे, असं सांगतात.

फार मागची गोष्ट. तेव्हा गावाची सगळी धानशेती या एका तलावावर होती, आणि पाळ काही केल्या टिकत नव्हती. पावसाळा आला, तलाव भरला, की या वळणाशी पाळ फुटायची आणि कापणीआधीच शेतं कोरडी पडायची. एका फुटीत सुकरू नावाचा गडी मातीची पाटी घेऊन भगदाडात उतरला होता. तो वाहून गेला. त्याच्यामागं त्याची बायको फगनी तेवढी राहिली. मूल नाही, सासर-माहेर नाही. तलावामागच्या झोपडीत ती राहायची. पाळीवर काम निघालं की गड्यांच्या बायका घरून जेवण आणायच्या, तशी तीही गड्यांसाठी पेज शिजवून आणायची.

सुकरू गेल्यावरही पाळ फुटली. लोक गाव सोडायची भाषा बोलू लागले. पुन्हा उन्हाळा संपत आला, पुन्हा पाळ बांधायला घेतली, आणि या खेपेला फुटली तर हिरडटोला उठणार, हे शेंबड्या पोरालाही कळत होतं.

तेव्हा सखरू भगताच्या अंगात गावदेवी मातामाय आली म्हणे. आली की आणली, ते मातामायला ठाऊक. मला कोणी विचारलेलं नाही. भगत घुमत घुमत म्हणाला, पाळीला माणूस पाहिजे. उद्या जी बाई पाळीवर पहिली भाकर नाहीतर पेज घेऊन येईल, ती माझी. तिला वळणाच्या खड्ड्यात उभी करा, वरून माती ओढा, पाळ जन्मात फुटणार नाही.

मातामायच्या शेंदरी दगडाभोवती गावचे सगळे पुरुष बसले होते. कोणी हो म्हटलं नाही, कोणी नाही म्हटलं नाही. शेवटी तानबा पाटील उठले आणि त्यांनी दगडावर हात ठेवला. शपथ अशी, की घरी कोणी शब्द काढायचा नाही, नशिबानं जी येईल ती येईल. मग एकामागून एक सगळ्यांनी हात ठेवले. झिबलनंही ठेवला. झिबल हा माती खोदणाऱ्या गड्यांचा मुकादम. रिवाजाप्रमाणे कामाची पहिली पाटी त्याच्या हातानं पडायची. म्हणजे उद्याचीही.

झिबल घरी निघाला तेव्हा दिवस कलला होता. हाताला लागलेला शेंदूर तो धोतराला पुसत होता, पण शेंदूर निघत नव्हता. त्याची वाट फगनीच्या झोपडीवरून जायची. फगनी दारात तांदूळ निवडत बसली होती. तिनं मान वर केली.

"झिबलभाऊ, उद्या किती जणांची पेज मांडू?"

झिबलला एक वाक्य बोलायचं होतं. उद्या येऊ नको, एवढंच. पण त्यानं आताच दगडावर हात ठेवला होता, आणि पाळ फुटली तर त्यानं शपथ मोडली म्हणून फुटली असं लोक म्हणाले असते. दुसरं कोणी सांगेल, त्याला वाटलं. भगताच्याच तोंडून निघालं, भगत सांगेल. पाटील तर गावचा बाप आहे, तो काहीतरी करेल.

"नेहमीएवढीच," तो म्हणाला आणि पुढं गेला.

घरी त्याची बायको देवका चूल पेटवत होती. झिबल आत गेला, कोपऱ्यातलं पेजेचं मडकं उचललं आणि उंबऱ्यावर आपटलं. देवका बघतच राहिली.

"येड लागलं का तुम्हाले?"

"उद्या पेज आणू नको. मडकं नाही."

"शेजारून आणतो ना मी," देवका म्हणाली.

"आणू नको म्हटलं ना."

शपथ बोलायची नाही अशी होती. मडकं फोडायचं नाही अशी नव्हती. झिबलनं स्वतःला असं समजावलं, आणि ते स्वतःला पटलंही नाही. तसं म्हटलं तर तुम्ही-आम्हीही असंच समजावून घेतो आणि वर कुशीवर वळून झोपतो. झिबलला झोप आली नाही. नेहमीएवढीच, हे आपलंच उत्तर त्याला रात्रभर ऐकू येत होतं.

सकाळी गडी वळणावर जमले. खड्डा खोदून तयार होता. काठावर भगतानं कुंकू, हिरव्या बांगड्या आणि कोरं लुगडं मांडलं होतं, जणू लेक सासरी पाठवायची आहे. कुदळी चालत होत्या आणि डोळे गावाच्या वाटेवर होते. वाटेवर काही हललं की कुदळी थांबायच्या. एकदा गाय आली. एकदा कोणाचा तरी कुत्रा आला, आणि एक गडी त्याला बघून मटकन खालीच बसला म्हणे.

ऊन चढलं, जेवणाची वेळ झाली, टळली. कोणाचीच घरची आली नाही. तेव्हा झिबलच्या ध्यानात हळूहळू यायला लागलं. त्यानं बाजूच्या गड्याकडं पाहिलं, त्यानं नजर चुकवली. सगळ्यांनीच काही ना काही फोडलं होतं. झिबलच्या छातीवरचं ओझं उतरायला लागलं. कोणीच येणार नाही, संध्याकाळ होईल, मातामाय समजून घेईल. आभाळ तेवढं भरून येत होतं.

आणि मग तलावामागच्या वाटेला कोणीतरी दिसलं.

गुराखी असेल, झिबल मनाशी म्हणाला. पण गुराख्याच्या डोक्यावर मडकं नसतं. मडक्याला हात न लावता चालणारी गावात एकच बाई होती. त्यानं हाक मारायला तोंड उघडलं. परत जा, एवढंच ओरडायचं होतं. तोंड उघडं राहिलं आणि फगनी जवळ येत राहिली.

तिनं मडकं उतरवलं, चुंबळ झटकली, पळसाचे द्रोण मांडले. "आज एकीचाही पत्ता नाही," ती म्हणाली. "साऱ्या गावच्या बायका रुसल्या का जी?" तिनं पहिला द्रोण झिबलपुढं धरला. त्यानं हात पुढं केला नाही. मग तिची नजर खड्ड्यावर गेली, लुगड्यावर गेली, भगताच्या हातातल्या कुंकवावर गेली. भगतानं मूठ मिटली.

फगनी रडली नाही, पळाली नाही. पळून जाणार कुठं? तिनं द्रोण खाली ठेवला.

"देवका कुठं हाय, झिबलभाऊ?"

"मडकं फुटलं," झिबल म्हणाला. आवाज त्याचा त्याला ओळखू आला नाही.

ती एकेकापुढं जाऊन विचारत गेली. एकाच्या बायकोच्या पायात काटा मोडला होता. एकाची सून रात्रीतून माहेरी गेली होती. भगताच्या लेकीच्या पोटात दुखत होतं. पाटलांना विचारायची गरज नव्हती. त्यांच्या सुनांची बैलगाडी पहाटे नदीकडं जाताना फगनीनंच पाहिली होती.

"म्हणजे घरोघर निरोप गेला," ती म्हणाली. "माझं घर कोणाले सापडलं नाही."

तानबा पाटील माणूस वाईट नव्हता, असं सांगतात. त्याला लाज वाटली, आणि लाज वाटलेला मोठा माणूस जसा बोलतो तसा तो मोठ्यानं बोलला. "तुझ्यावर कोणाचा राग नाही, फगने. सगळं गावासाठी चाललं हाय. गाव जगलं पाहिजे."

"गाव म्हणजे कोण कोण, मालक?" फगनीनं विचारलं. "मी त्यात हाव का नाही? असेन, तर मले आधी इचाराले पाहिजे होतं. नसेन, तर तुमच्या गावासाठी मी कायले मरू?"

पाटील आपल्या जोड्यांकडं बघू लागले. फगनी भगताकडं वळली.

"आन माणूसच पाहिजे होता, तर माझा सुकरू याच जागी गेला ना. तरी पाळ कायले फुटली, भगतबुवा? मातामायले तो पुरला नाही, का तो मोजलाच नाही तुम्ही?"

वीज चमकली. सगळ्यांनी आभाळाकडं पाहिलं, फगनीकडं बघवत नव्हतं म्हणूनही असेल. पाऊस दारात आला होता, वळणाचा खड्डा उघडा होता, आणि सगळे झिबलकडं बघू लागले, कारण पहिली पाटी त्याची होती. त्यानं पाटी उचलली. निम्मी माती वाटेतच सांडली.

इथं दोन मतं आहेत. काही म्हणतात, झिबल छाती पुढं काढून स्वतः खड्ड्यात उतरला. डोमाजी म्हणायचा, त्याचा पाय घसरला आणि तो पाटीसकट आत पडला. मला डोमाजीचं पटतं. भल्या कामात माणूस बहुतेक वेळा पडतोच. पण पडल्यावर तो वर आला नाही. खाली ओल होती, त्यात तो उभा राहिला आणि पायानं माती तुडवू लागला. डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी, आणि पाय चाललेले.

"फगनीवहिनी," तो खालून म्हणाला, "काल दारातून जाताना मले माहीत होतं."

"आता माहीत झालं मले," फगनी म्हणाली. तिनं त्याला माफ केलं असं कोणी सांगत नाही, म्हणून मीही सांगत नाही. ती बाकीच्या गड्यांकडं वळली. "बघता काय? ज्यांना येऊ नका म्हणून निरोप धाडले, त्यांनाच आता या म्हणून धाडा. एका बाईनं भरत नसते पाळ. साऱ्यांनी तुडवा."

गडी गावात पळाले. काट्याची बाई पळत आली, पोटदुखीची लेक आली, देवका आली आणि नवऱ्याकडं न बघता चिखलात उतरली. पाटलांची गाडी नदीवरून परत वळवली, सुना लुगडी खोचून उतरल्या, त्यांच्यामागं जोडे काढून खुद्द पाटील. भगत सगळ्यांत शेवटी उतरला. वरून माती पडत होती, खाली सगळं गाव खांद्याला खांदा लावून ती तुडवत होतं. कोणाचा पाय कोणाच्या पायावर पडतो, ते बघायला सवड नव्हती. शेवटच्या पाट्या पडत होत्या तेव्हा पाऊस कोसळला.

त्या रात्री कोणी घरी गेलं नाही म्हणे. सगळे मोहाखाली भिजत उभे. झिबल पाळीला कान लावून पालथा पडला होता. आत पाणी बोलत होतं. वळणाशी पाझर फुटला, बोटाएवढी धार लागली. झिबल ओरडला, लोक पुन्हा चिखल घेऊन धावले. धार थांबली, दुसरीकडून झिरपू लागली. असं पहाटेपर्यंत. उजाडलं तेव्हा तलाव काठोकाठ होता, पाळ ओली होती, पाझरत होती आणि उभी होती.

दुसऱ्या दिवशी मातामायच्या दगडासमोर ठराव झाला. गावाची कोणतीही गोष्ट असो, लग्न, मयत, काम, संकट, पहिला निरोप ज्याला सांगणारं कोणी नाही त्याच्या दारी. पाटलाच्या दारी सगळ्यांत शेवटी. आणि पावसाच्या तोंडावर रोहिणी नक्षत्र लागलं की घरटी एकानं येऊन ओली जागा तुडवायची. माणूस लावून चालणार नाही, पैसे देऊन चालणार नाही.

आजही ती जागा पाझरते आणि आजही आम्ही ती तुडवतो. आमदार आले होते एकदा, त्यांनाही उतरवलं. त्यांचा बूट आत राहिला. म्हणजे पाळीत कोणाला पुरलं नाही असंही छातीठोक म्हणता येत नाही. आणि आजही कोतवालाची पहिली हाक तलावामागच्या झोपडीसमोरच होते. तिथं आता ही पुस्तकलाबाई राहते, ही इथं शिंगाड्याची टोपली घेऊन बसलेली. नाव पुस्तकला, पण सही अंगठ्याची. माझी सही येते, पण वाचणाऱ्याला अंगठाच वाटतो. हिला ना मूल ना बाळ, ना भाऊ ना भाचा. पण गावात ग्रामसभा असो की कुणाचं बारसं, सरपंचाच्या आधी हिला कळतं. दुसऱ्या गावांत असं असेल तर दाखवा. हिरडटोल्यात माणूस एकटा म्हणून मागं राहत नाही, पाहुणे हो. काय पुस्तकला, खोटं सांगतो का मी?

पुस्तकलाबाईनं शिंगाड्यांवरचं ओलं फडकं सारखं केलं.

"नाही जी, निरोप मलेच पहिला येते," ती म्हणाली. "सभेत बोलायची पाळी कितवी येते, तेही सांगा ना पाहुण्यांना."