नादराज गुणाजी आणि अडवलेलं दार

खूप जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की तेव्हा गाढवं बोलत असत आणि माणसं कधीमधी त्यांचं ऐकतही असत.

बारा गावांच्या एका मुलखात गुणाजी नावाचा तरुण वाजंत्री होता. एका गाड्यावर त्याने हलगी, संबळ, झांजा, घुंगरं असं सगळं बांधलं होतं आणि हातापायांनी तो एकटाच ते वाजवी. त्याची खुबी निराळी होती. जात्यावरच्या ओवीची चाल तो नावाड्यांच्या ठेक्याला अशी जोडून देई, की सांधा कुठे आहे ते कळायचंच नाही. म्हातारी माणसंसुद्धा बसल्या जागी पाय हलवायला लागत.

म्हणजे त्याला वाजवता येत होतं. उत्तम येत होतं. तिथेच थांबला असता तर ही गोष्ट सांगावी लागली नसती!

पण गुणाजीला घाई झाली होती. देवीच्या यात्रेत पालखीपुढे वाजवायचा मान त्याला हवा होता. लहानपणापासून तो हेच एक स्वप्न बघत आला होता. त्यासाठी आपलं नाव सगळीकडे झालं पाहिजे, असं त्याच्या मनाने घेतलं.

मग काय विचारता! त्याने स्वतःच स्वतःला ‘नादराज’ अशी पदवी दिली. गेरू कालवला आणि पाणवठ्याच्या दगडांवर ‘नादराज गुणाजी’ असं लिहिलं. पारावर लिहिलं. गाड्यावर लिहिलं. गाडा ओढणाऱ्या गाढवाच्या दोन्ही कुशींवर लिहिलं. एका म्हातारीची म्हैस झाडाखाली निवांत रवंथ करत होती, तिच्या पाठीवरही लिहिलं.

“मेल्या, माझ्या म्हशीने तुझं काय घोडं मारलंय?” म्हातारी ओरडली.

“आजी, ती रोज चरायला लांब जाते ना, म्हणून!” गुणाजी म्हणाला. “आणि माझं वाजवणं आवडलं तर चार जणींना सांगा हं.”

“मी ऐकलंय कुठे अजून?”

“नसेना का. सांगा तरी.”

एवढ्यावर भागलं असतं तरी चाललं असतं. पण वाजवताना मध्ये जरा कुठे मोकळी जागा दिसली, की गुणाजी गळा ताणून ओरडे, “नादराज गुणाजीऽऽ!” ऐन रंगात आलेली माणसं दचकत, कुणाच्या कडेवरचं मूल रडायला लागे.

शेवटी गाढवाला राहवेना.

“धनी,” ते म्हणालं, “माणसांचा पाय हवेत असतो आणि तुम्ही मध्येच ओरडता. तो पाय त्यांनी टेकायचा कुठे?”

“अरे, नाव कळायला नको? वाजवलं कुणी ते कळलं नाही, तर उद्या बोलावतील कुणाला?”

“तुम्ही समोरच उभे असता हो! लोकांना डोळे आहेत. माझ्या दोन्ही कुशी भरल्यात. आता काय कानांवर लिहिता?”

गुणाजीने गाढवाच्या कानांकडे जरा विचारपूर्वक पाहिलं. गाढवाने कपाळाला हात लावला असता, पण त्याला हात नव्हते.

त्याच सुमारास पाटलांच्या मुलाचं, रायाजीचं लग्न निघालं. यात्रेचा मान कुणाला द्यायचा, ते पाटलांच्या हाती होतं. ते गुणाजीला म्हणाले, “वरात वाजव. मनाजोगी वाजवलीस तर यात्रा तुझी.”

गुणाजीने वरात खरोखर सुरेख वाजवली. अधूनमधून “नादराज गुणाजीऽऽ!” होतंच. पण लोकांनी लग्नघर म्हणून सोसलं. पाटीलसुद्धा मान डोलवत होते. वरात दारात आली आणि वाजप थांबलं.

नव्या सुनेचं पाऊल उंबऱ्याशी येताच तिच्या नणंदेने दार अडवलं.

“वहिनी, दादाचं नाव घ्या. त्याशिवाय दार सुटायचं नाही!”

सगळे गप्प झाले. नवरीने ओठांवरून जीभ फिरवली. नवऱ्याचं नाव चारचौघांत ती पहिल्यांदाच घेणार होती. माहेरी ती कितीतरी दिवस हा उखाणा मनातल्या मनात घोकत होती. हळू आवाजात तिने सुरुवात केली,

“पितळी समईत तेल घातलं काठोकाठ…”

आणि नाव ओठांवर आलं तशी ती लाजून क्षणभर थांबली.

झालं! गुणाजीला मोकळी जागा दिसली.

“नादराज गुणाजीऽऽ!”

मग मागून एक आत्या फिस्सकन हसली आणि सगळा मांडव हसू लागला. रायाजीचा चेहरा बघवत नव्हता. मुलीच्या डोळ्यांत पाणी आलं.

ती वळली आणि गुणाजीला म्हणाली, “दादा, सबंध वाटभर तुमचंच नाव ऐकलं. एवढी एक जागा माझी होती. तीही तुम्हालाच हवी होती का?”

गुणाजीने हलगीची काडी गाड्यावर ठेवून दिली.

मुलीने डोळे पुसले आणि खणखणीत आवाजात म्हटलं, “रायाजीरावांचं नाव घेते, सोडा माझी वाट!” नणंद मुकाट्याने बाजूला झाली.

पाटलांनी गुणाजीला बाजूला घेतलं. “हात चांगले आहेत रे तुझे. पण यात्रेत बारा गावं देवीचं नाव घ्यायला येतात. तिथे तू मध्येच कुणाचं घेशील, याचा मला भरवसा नाही.”

मान दुसऱ्याला गेला. त्या दुसऱ्याचं वाजवणं साधंच होतं, पण लोक मनमुराद नाचले.

आणि गुणाजीचं नाव? ते मात्र बाराही गावांत झालं. पुढे कुठेही नव्या नवरीचं दार अडलं आणि ती लाजून थांबली, की बायका तिला हळूच ढोसत, “घे बाई लवकर, नाहीतर गुणाजी घेईल!” तो वाजवायचा कसा, ते मात्र पुढे कुणाला आठवेना.

बोध: आपलं काम आपल्याविषयी बोलत असेल, तेव्हा आपण मध्ये बोलू नये.