गवतातलं बोर

जनावरं अजून बोलत होती, तेव्हाची गोष्ट. उसाच्या फडालगत करवंदीच्या जाळीत लाली नावाची ससीण आपल्या लेकीला, पिंगीला, घेऊन राहायची. फडात कोल्ह्यांचा वावर होता. आत किती शिरले आणि बाहेर किती आले, हा हिशेब चुकला की जीव गेलाच म्हणायचा.

म्हणून लाली चारा शोधून धापा टाकत परतली की आधी दरडावायची, "तीन शिरले, दोन आले. आत किती? सांग लवकर, नाहीतर मरशील!" पिंगी उपाशी, त्यात आईचे भेदरलेले डोळे. तिची दातखीळच बसायची.

एकदा शेजारची काटेरी साळू म्हणाली, "अगं, तू गणित शिकवतेस की कोल्हा दाखवतेस? आधी तिच्या पोटाला घाल."

लालीला ते लागलं. मग पोट भरल्यावर, कोवळ्या उन्हात, ती गवतात बोरं लपवायची आणि एकेक काढायची. "आत किती उरली?" पिंगी चुकायची, कंटाळून पळायची. लाली ओरडत नसे. पण दुसऱ्या सकाळी बोरं पुन्हा हजर.

एके दिवशी त्यांच्या डोळ्यांदेखत तीन कोल्हे फडात शिरले. दोघी जाळीत दबून बसल्या. दुपारी दोन कोल्हे बाहेर पडून माळापलीकडे गेले. तहानेनं कासावीस झालेली लाली ओढ्याकडे झेप घेणार, तोच पिंगी कुजबुजली, "आई, नको! एक बोर अजून गवतातच आहे."

लालीनं उचललेला पाय मागे घेतला. वारा पडलेला होता, तरी समोर उसाचं एक पान हललं.