रंगू, परी आणि पोकळ रास

गावाचं नाव सांगत नाही. सांगितलं तर उद्याच लाडू मागायला निघाल. त्या गावात नऊ वर्षांची रंगू राहायची. घरात दाणे कमी, कामं फार. आई तापानं फणफणलेली आणि उद्या थोरल्या बहिणीचं, सोनूताईचं, लग्न. ताईला सकाळीच हळद लागली होती. हळदीच्या नवरीनं उंबरठा ओलांडायचा नाही, म्हणून सगळी कामं रंगूच्या इवल्याशा डोक्यावर.

लग्नाला आलेली काशीआत्या एका दमात म्हणाली, "रंगे, सडा घाल, म्हशीला पाणी दाखव, आईला काढा दे, पाटांना गेरू लाव, अक्षता रंगव, वाती वळ, तांदूळ निवड, फुलांच्या वेण्या कर, विड्याची पानं पूस, तोरण बांध! आणि तोंड कसं हसरं ठेव!"

रंगूनं कामं बोटांवर मोजली, दहाही बोटं संपली. पाय आपोआप माजघरात गेले. तिथं परातीत रुखवताच्या एकतीस बुंदीच्या लाडवांची रास होती, उद्या सासरच्या बायकांपुढे मांडायची. शेजारणींनी मूठ मूठ डाळ-साखर दिली, तेव्हा कुठं झालेले लाडू! गेले तीन दिवस रंगूचं असंच चाललं होतं. एक खाल्ला की घटकाभर कामं विसरायची. मग कामं आठवायची, लाडूही आठवायचा, म्हणून दुसरा. हसू नका रे, तुमच्याही ओठाला साखर दिसतेय.

बाई हुशार! लाडू राशीच्या मागून काढायची. पुढून रास जशीच्या तशी, मागून पोकळ. पडू नये म्हणून आत तांब्या उपडा घातलेला. पण आज आणखी एक काढला आणि ठणण्! तांब्या घरंगळला, रास बसली. मोजले तर उरले बारा.

आता विहीणबाई विचारतील, "एवढंच का रुखवत?" आणि ताई मान खाली घालेल. रंगू परसातल्या शेवंतीच्या वाफ्यात जाऊन पडली. रडूही येईना. पोट गच्च, छाती रिकामी.

इतक्यात एक पिवळंधमक फूल लखलखलं. आतून बोटभर उंचीची परी निघाली. चिमुकले रुपेरी पंख, पिटुकले पैंजण.

"माझ्या अंगणात लोळतंय कोण गं?"

"परीताई, मला मुंगी कर. मुंगीला कुणी काम सांगत नाही."

"मुंगीला? अगं, तिला तर जेवायला बसायचीही सवड नसते!" परी खुदकन हसली. "तुझी एक इच्छा पुरी करीन. पण अटी आहेत. प्रत्येक कामाचं एक पान तोड. पानं दगडाखाली ठेव, एकच हातात घे, तेवढंच काम कर. हात लाडवाकडे गेला तर पोटाला विचार, भूक की भीती? भूक असेल तर बसून भाकरी खा. भीती असेल तर घोटभर पाणी पी आणि हातातलं पान बघ. तिसरी अट संध्याकाळी."

रंगूनं सडा घातला. म्हशीला पाणी पाजलं. काढा दिला, आईचा हात अजून तापानं चटके देत होता. पाट गेरूनं लालेलाल झाले. अक्षता रंगवताना मात्र कुंकू सांडलं.

"हाताला भोकं पडलीत का गं?" आत्या कडाडली.

रंगू पळाली. पोटाला विचारायच्या आत लाडू तोंडात! त्याच क्षणी दगड कलंडला, पानं भिरभिर उडाली.

"संपलं सगळं," रंगू मटकन बसली.

"एक लाडू गेला," परी म्हणाली, "दिवस आहे अजून. वेच पानं."

तिनं हुंदके गिळत पानं वेचली, अक्षता पुऱ्या केल्या. पण ऊन केशरी झालं तरी पाच पानं उरलीच.

"तिसरी अट," परी हळूच म्हणाली. "जिचं खाल्लंस, तिला खरं सांग."

त्यापेक्षा शंभर कामं परवडली असती. तरी रंगू ताईपुढे उभी राहिली. "ताई, तुझे लाडू मी खाल्ले. अकराच उरलेत."

हिरव्या बांगड्यांची किणकिण थांबली. ताईचे डोळे भरले.

"इतकी घाबरली होतीस," ती म्हणाली, "तर मला हाक का नाही मारलीस?"

"तुला हळद लागलीय ना."

"हळद अंगाला लागलीय. हात काय बांधून ठेवलेत? आण ती पानं." आणि तिनं तांदूळ, वाती, वेण्या तिन्ही काढून घेतल्या. आता कुठं रंगूला रडू फुटलं, धो धो.

खिडकीत पैंजण वाजले. "माग रंगू. कामं संपवू, की लाडू आणू?"

"कामं आम्ही करू. लाडू मागायला मला तोंड नाही," रंगू डोळे पुसत म्हणाली. "उद्या माझ्या ताईला कुणी हसू नये, एवढं कर."

परीनं एक सोनेरी गिरकी घेतली. खोलीभर पिवळा, केशरी, रुपेरी उजेड सांडला. परातीत एकतीस लाडू चमचमले, पुढून भरीव, मागूनही भरीव! उजेड लहान लहान होत मोहरीएवढा झाला आणि विझला. परी गेली.

"एवढा उजेड कसला गं?" आत्या धावत आली.

दोघी बहिणी मान खाली घालून तांदूळ निवडत होत्या. खांदे मात्र हसण्यानं गदगद हलत होते.